पावडरचा डबा आणि कोर्टाची पायरी



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगून गेले. बांधाच्या हातभर जमिनीपायी दोन भावांनी दोन पिढ्या तारखा केल्या, वकिलाचे घर बांधून दिले आणि शेवटी बांध होता तिथेच राहिला, असे प्रकार प्रत्येक तालुक्यात सापडतील. तेव्हा म्हण काही खोटी नाही. पण काही तक्रारी अशा असतात, की त्यांत समोरचा माणूस भाऊबंद नसतो, गावातला नसतो, त्याला पंचांपुढे बोलावता येत नाही. तिथे कोर्टाची पायरी चढण्यावाचून गत्यंतर नसते. मग ती चढावी कशी, आणि चढण्याआधी पदरात काय बांधून घ्यावे, हे तरी ठाऊक असायला हवे.

आज त्यासाठी अमेरिकेतल्या एका दाव्याची हकीकत सांगणार आहे. म्हणाल, अमेरिकेतले आम्हाला काय? पण दावा ज्या वस्तूवरून झाला, ती वस्तू आपल्या घरच्या फळीवरही असते. बाळाला न्हाऊ घातले की काखेत, मांडीच्या सांध्यात लावतो ती पावडर. उन्हाळ्यात घामोळ्यांवर लावतो ती पावडर. लग्नाला निघताना आरशापुढे उभे राहून तोंडाला लावतो तीही पावडरच.

शंखजिरे आणि त्यातले तण

ही पावडर बनते शंखजिऱ्यापासून. इंग्रजीत त्याला टाल्क म्हणतात, म्हणून टाल्कम पावडर. शंखजिरे हा अतिशय मऊ दगड आहे, नखानेही ओरखडा उठेल इतका मऊ. राजस्थानात त्याच्या मोठ्या खाणी आहेत. दगड काढायचा, दळायचा, सुवास घालायचा आणि डब्यात भरायचा, एवढाच तो धंदा.

शंखजिऱ्याच्या शेजारी जमिनीत आणखी एक खनिज सापडू शकते, त्याचे नाव ॲस्बेस्टॉस. आपण गोठ्यावर घालतो त्या सिमेंटच्या पत्र्यांत हेच असते. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडाचे तंतू. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, आणि आगीतही न जळणारे. ज्वारीच्या शेतात तण उगवावे, तसे काही खाणींत शंखजिऱ्याच्या थरात ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. सगळ्याच खाणींत असतात असे नाही. पण जिथे असतात तिथे दगड दळला तरी ते नाहीसे होत नाहीत, उलट अधिक बारीक होऊन पिठात मिसळतात.

हे तंतू श्वासावाटे आत गेले की शरीराला ते पचवता येत नाहीत आणि बाहेरही टाकता येत नाहीत. फुफ्फुसावर जे पातळ आवरण असते, त्याला त्यापासून कर्करोग होऊ शकतो. त्या रोगाचे नाव मेसोथेलिओमा. हा रोग एरवी फार क्वचित होतो. ज्याला होतो त्याच्या आयुष्यात बहुधा कुठेतरी ॲस्बेस्टॉस आलेला असतो. फुफ्फुसाचा आणि बायकांच्या बीजांडकोशाचा कर्करोगही ॲस्बेस्टॉसमुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. याच संस्थेने जुलै २०२४ मध्ये ॲस्बेस्टॉस नसलेल्या शंखजिऱ्यालाही ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले.

आता यातली खरी मेख ऐका. तंतू शरीरात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत २० ते ४० वर्षे जातात, कधी त्याहूनही जास्त. पेरणी बापाच्या हयातीत आणि उगवण नातवंडांच्या वेळी, असा हा प्रकार. तेवढ्या काळात डबा गेला, दुकान गेले, दुकानदारही गेला. मग रोगी कोर्टात काय दाखवणार? सगळ्या हकीकतीचे मर्म या एका प्रश्नात आहे.

कागद नसल्याने सोडलेला दावा

जॉन्सन अँड जॉन्सन ही अमेरिकेतली औषधे आणि, २०२३ पर्यंत, घरगुती वस्तूही बनवणारी मोठी कंपनी. तिची लहान मुलांची पावडर १८९४ साली बाजारात आली आणि पुढे जगभर पोचली. आपल्याकडेही बाळंतविड्यात ती हमखास असायची.

१९९९ साली टेक्सास राज्यातल्या एका बाईने या कंपनीवर दावा लावला. तिला मेसोथेलिओमा झाला होता. ती ना खाणीत राबली होती, ना कारखान्यात. घरात पावडर तेवढी वर्षानुवर्षे वापरलेली. तिच्या वकिलाने कंपनीकडे पावडरच्या तपासण्यांचे जुने कागद मागितले. आमच्या पावडरीत ॲस्बेस्टॉस नाही, असे कंपनीने ठामपणे सांगितले आणि कागद काही हाती लागले नाहीत. पुराव्यावाचून दावा पुढे रेटणे शक्य नव्हते. बाईने तो सोडून दिला. पुढे दहाएक वर्षांनी ती वारली.

दुसरी हकीकत दक्षिण डकोटा राज्यातली. दवाखान्यात काम करणाऱ्या एका बाईला २००६ मध्ये बीजांडकोशाचा कर्करोग निघाला. तिच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मांसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यात शंखजिऱ्याचे कण दिसले. कंपनीने तिला १३ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवण्याची तयारी दाखवली. पण त्यात अट अशी, की याविषयी तोंड उघडायचे नाही. बाईने पैसे नाकारले. डब्यावर इशारा छापा, एवढेच तिचे मागणे होते. २०१३ मध्ये निकाल लागला. कंपनीने इशारा द्यायला हवा होता, तिची हयगय झाली, असे पंचांनी मान्य केले. भरपाई मात्र एक पैसाही दिली नाही.

पंच म्हटले ते एवढ्यासाठी, की अमेरिकेत असे दावे ज्युरीपुढे चालतात. ज्युरी म्हणजे शपथ घेऊन बसवलेले सामान्य नागरिक. दोष कोणाचा आणि भरपाई किती, हे ते ठरवतात आणि न्यायाधीश कायद्याची बाजू सांभाळतो. आपल्याकडे ही पद्धत आता नाही.

निकाल लागला, पैसे लांब राहिले

२०१६ मध्ये सेंट लुईस शहराच्या कोर्टात अलाबामा राज्यातल्या एका मृत बाईच्या कुटुंबाला ७ कोटी २० लाख डॉलर मंजूर झाले. वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने तो निकाल रद्द केला. कारण काय? बाई अलाबामाची, दावा लावला मिसुरी राज्यात, त्या कोर्टाला हा दावा चालवण्याचा अधिकारच नाही. खरेखोटे राहिले बाजूला, दाराची चौकट चुकली म्हणून हातचे गेले.

२०१८ मध्ये न्यू जर्सी राज्यात मेसोथेलिओमा झालेल्या एका गृहस्थाला व त्याच्या पत्नीला ११ कोटी ७० लाख डॉलर मंजूर झाले. तो निकालही २०२१ मध्ये रद्द झाला. त्यात ज्या तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या, त्या शास्त्राच्या कसोटीवर पुरेशा टिकत नाहीत, असे वरच्या कोर्टाने म्हटले.

त्याच २०१८ च्या जुलै महिन्यात सेंट लुईसमध्ये २२ बायकांच्या एकत्र दाव्याचा निकाल लागला. पावडरीतल्या ॲस्बेस्टॉसमुळे आम्हाला बीजांडकोशाचा कर्करोग झाला, असे त्यांचे म्हणणे. पंचांनी ५५ कोटी डॉलर भरपाई आणि ४१४ कोटी डॉलर दंड म्हणून, असे मिळून ४६९ कोटी डॉलर मंजूर केले. निकाल ऐकायला त्या २२ पैकी सहा जणी जिवंत नव्हत्या. अपिलात, काही बायकांबाबत या राज्याच्या कोर्टाला अधिकार नाही असे ठरून, रक्कम सुमारे २१२ कोटींवर आली. १ जून २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा अर्ज दाखल करून घेण्यास नकार दिला, तेव्हा कोठे व्याजासह सुमारे २५० कोटी डॉलर चुकते झाले. या एका निकालाचे पैसे खरोखर हाती पडले. पण किती जणींच्या हाती आणि किती जणींच्या वारसांच्या हाती, हे ज्याचे त्याने समजावे.

१९९९ च्या बाईला न मिळालेले कागद मध्यंतरी इतर दाव्यांत कोर्टाच्या हुकमाने बाहेर येत गेले. १४ डिसेंबर २०१८ रोजी रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ते छापले. १९७१ पासून २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत, कच्च्या शंखजिऱ्याच्या आणि तयार पावडरीच्या काही तपासण्यांत ॲस्बेस्टॉसचा थोडा अंश आढळला होता आणि कंपनीतल्या लोकांना ते ठाऊक होते, असे त्या बातमीत होते. कंपनीने हे साफ नाकारले. हजारो तपासण्यांत आमचे शंखजिरे निर्दोष ठरले आहे आणि त्यापासून कर्करोग होत नाही, हे तिचे म्हणणे तेव्हा होते आणि आजही आहे.

तपासणीचीही एक गंमत आहे. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्याने १९७६ मध्ये आपली आपणच एक तपासणीची पद्धत ठरवली. त्या पद्धतीत शेकडा अर्ध्याहून कमी भेसळ असेल तर ती दिसणारच नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीने पीठ चाळायचे आणि खाली काही अडकले नाही म्हणून पीठ स्वच्छ म्हणायचे, तसे हे झाले. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे यातून ध्यानात ठेवावे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारी अन्न व औषध खात्याला एका डब्यात ॲस्बेस्टॉसचा अंश सापडला, तेव्हा कंपनीने सुमारे ३३ हजार डबे परत मागवले. नंतरच्या तपासण्यांत आम्हाला काही मिळाले नाही, असेही तिने जाहीर केले. मे २०२० मध्ये अमेरिका व कॅनडात शंखजिऱ्याच्या पावडरीची विक्री थांबवण्याचे तिने ठरवले. २०२३ पासून जगभर तिची लहान मुलांची पावडर मक्याच्या स्टार्चची झाली. म्हणजे आपल्या शेतातला मका अखेर पाळण्यापर्यंत पोचला म्हणायचा.

वाडा श्रीमंत, झोपडी कंगाल

दावे वाढत चालले तेव्हा कंपनीने एक तोड काढली. ती आपल्या गावच्या भाषेत सांगतो. एका मोठ्या वाड्यावर खूप देणी झाली. वाडेवाल्याने परसात एक झोपडी उभी केली, सगळी देणी त्या झोपडीच्या नावावर चढवली आणि मग कोर्टाला सांगितले, की झोपडीवाला नादार आहे, त्याच्यावरचे दावे थांबवा. ऑक्टोबर २०२१ मध्ये असेच झाले. टेक्सासच्या कायद्याचा आधार घेऊन एक नवी पोटकंपनी काढली, पावडरीचे सगळे दावे तिच्या गळ्यात घातले आणि तिची दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा सुमारे ३८ हजार दावे पडून होते. दिवाळखोरीचा अर्ज आला की बाकीचे दावे जागच्या जागी थांबतात.

जानेवारी २०२३ मध्ये अपील कोर्टाने हा अर्ज फेटाळला. ज्याच्या पाठीशी एवढी श्रीमंत कंपनी उभी आहे, तो नादार कसा, असा कोर्टाचा सवाल होता. एप्रिल २०२३ मध्ये दुसरा अर्ज आला, या खेपेस ८९० कोटी डॉलर देण्याच्या तयारीसह. तोही जुलैमध्ये फेटाळला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या पोटकंपनीच्या नावे टेक्सासमध्ये तिसरा अर्ज झाला. तोवर दाव्यांची संख्या ६० हजारांच्या पुढे गेली होती. ३१ मार्च २०२५ रोजी तिथल्या न्यायाधीशांनी हाही मार्ग बंद केला. दावेदारांची मते ज्या रीतीने गोळा केली, त्यात दोष होते असे त्यांनी म्हटले. त्यावर कंपनीने सांगितले, की आता आम्ही एकेक दावा कोर्टात लढवू.

साडेतीन वर्षे अशी गेली. रोगी माणसाच्या साडेतीन वर्षांची किंमत निरोगी माणसाच्या साडेतीन वर्षांएवढी नसते. पुष्कळ दावेदारांना तडजोडीची रक्कम हवी होती, आणि त्यांचेही चुकीचे नव्हते. मेल्यावर मिळणाऱ्या कोटीपेक्षा हयातीत मिळालेले लाख औषधाला तरी उपयोगी पडतात.

मुलुंडचा कारखाना

या प्रकरणाचे एक टोक आपल्या महाराष्ट्रातही आहे. रॉयटर्सची बातमी आली त्याच महिन्यात केंद्र सरकारच्या औषध खात्याने मुंबईतल्या मुलुंड आणि हिमाचल प्रदेशातल्या बद्दी येथील कारखान्यांतून नमुने घेतले आणि तपासणी होईपर्यंत शंखजिरे वापरण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारी तपासण्यांत ॲस्बेस्टॉस मिळाले नाही, म्हणून उत्पादन पुन्हा सुरू झाले.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलुंडच्या कारखान्याचा पावडरीचा परवाना रद्द केला. पुष्कळांना वाटले, की तो ॲस्बेस्टॉसवरून रद्द झाला. तसे नाही. पुणे व नाशिक येथे घेतलेल्या नमुन्यांत आम्लता मानकात बसत नव्हती, असे कारण होते. ११ जानेवारी २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने परवाना रद्द करण्याचा हुकूम बाजूला सारला. तेव्हा आपल्याकडच्या पावडरीत ॲस्बेस्टॉस निघाले, असे कोणी चावडीवर सांगू लागला तर मान डोलवू नका. न झालेली गोष्ट झाली म्हणून सांगणे जितके वाईट, तितकेच झालेली गोष्ट दडवणे वाईट.

आपल्या कायद्यात काय आहे

एखाद्या वस्तूने आपल्या शरीराला अपाय झाला, तर बनवणाऱ्याकडून भरपाई मागण्याची सोय आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केलेली आहे. तो जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू बनवण्यात दोष असेल, ती ठरलेल्या मानकाप्रमाणे नसेल, किंवा धोका असूनही डब्यावर पुरेसा इशारा नसेल, तर बनवणारा जबाबदार धरता येतो. अपाय म्हणजे आजार, इजा आणि मृत्यूसुद्धा. ग्राहक मयत झाला असेल तर त्याच्या वारसाला तक्रार करता येते, आणि मूल अज्ञान असेल तर आईबापांना.

तक्रार कोठे करायची? आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. कंपनी मुंबईची असो की परमुलखातली, तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. अमेरिकेतल्या त्या कुटुंबासारखे चौकटीवरून परतण्याची पाळी यात सहसा येत नाही. कोणत्या पायरीच्या आयोगाकडे जायचे, हे मागितलेल्या भरपाईवरून ठरत नाही, वस्तूला मोजलेल्या किमतीवरून ठरते. डब्याची किंमत शेपाचशे रुपये, म्हणून जिल्हा आयोग. आणि एवढ्या किमतीच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्कही नाही. वकील दिलाच पाहिजे असेही बंधन नाही.

मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून. चाळीस वर्षांनी दिसणाऱ्या रोगाबाबत ती कधी सुरू झाली, यावर वाद हा होणारच. योग्य कारण दाखवले तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे. पण माफीच्या भरवशावर बसू नये. रोगाचे निदान कागदावर आले, की त्या तारखेपासूनच दिवस मोजायला लागा.

ज्यांच्या घरातले कोणी पूर्वी मुंबईला किंवा अन्यत्र ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात चाकरीला होते, त्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या बाजूने मोठा निकाल दिला. कामगाराच्या प्रकृतीची नोंद ४० वर्षे, किंवा त्याने काम सोडल्यावर १५ वर्षे, यांत जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत कारखान्याने जपावी, असे त्यात सांगितले. त्या दाव्यातल्या कारखान्यांत ज्यांना ॲस्बेस्टॉसचा रोग झाल्याचे अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था ठरवील, त्यांना प्रत्येकी १ लाख रुपये भरपाई द्यावी, असेही म्हटले. अशा कामगाराचे धुळीने माखलेले कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही या रोगाचा धोका असतो, हे डॉक्टर लोक फार वर्षांपासून सांगत आले आहेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने कुठे काय काम केले, हे म्हणूनच डॉक्टरला आपण होऊन सांगावे.

पेटीत काय ठेवावे

आपण सातबारा जपतो, खाते-उतारा जपतो, सोसायटीच्या पावत्या जपतो. दवाखान्याचे कागद मात्र खुंटीला अडकवलेल्या पिशवीत राहतात आणि पावसाळ्यात भिजतात. अमेरिकेतल्या सगळ्या दाव्यांचे सार एकच निघते. ज्याच्याकडे कागद, त्याचे म्हणणे ऐकले जाते. म्हणून पुढील गोष्टी पेटीत ठेवाव्या.

१. मांसाचा तुकडा तपासल्याचा अहवाल. यालाच बायोप्सी म्हणतात. रोगाचे नाव त्यातच नेमके लिहिलेले असते.

२. तो तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. सोबत काचेच्या पट्ट्या असतात. दवाखाना त्या कायम ठेवील असे नाही, म्हणून लेखी अर्ज करून मागून घ्याव्या. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायलाही त्या लागतात. डकोटाच्या बाईचा सगळा पुरावा अशा एका तुकड्यातच होता.

३. औषधपाण्याच्या सर्व पावत्या आणि दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद.

४. ज्या वस्तूवर संशय आहे तिचा डबा, उरलेल्या मालासकट, झाकण घट्ट लावून. त्यावरचा बॅच नंबर व तारीख खोडू नये. आयोगाला वाटले तर नमुना प्रयोगशाळेकडे पाठवता येतो.

५. एक वहीचे पान. कोणती वस्तू, कोणत्या सालापासून, रोज किती, कुठून घेतली, घरात आणखी कोण वापरत होते. रोगी बोलता आहे तोवर हे लिहून घ्या आणि त्याची सही वा अंगठा घ्या. माणूस गेल्यावर आठवणी सांगायला दहा जण येतात, पण कोर्टापुढे त्या टिकत नाहीत.

तुम्ही विचाराल म्हणून

*मग पावडर टाकून द्यायची काय?* घाबरून जाण्याचे कारण नाही. तान्ह्या मुलाला मात्र कोणतीच पावडर उधळू नये, ती श्वासात जाते आणि बाळाला तिची गरजही नसते. अंग कोरडे पुसले की पुरे. बायकांनी गुप्त जागी पावडर वापरू नये. बाकी वापरायचीच असेल तर डब्यावरचे घटक वाचून घ्यावे. टाल्क लिहिले असेल तर ती शंखजिऱ्याची, स्टार्च असेल तर पिठाची.

*गोठ्यावरच्या जुन्या पत्र्यांचे काय?* पत्रा शाबूत आहे तोवर तो नुसता असल्याने फारसा अपाय करीत नाही. धोका धुळीत आहे. असा पत्रा करवतीने कापू नये, कोरडा घासू नये, फोडून त्याचा चुरा अंगणात पसरू नये. काढायची वेळ आलीच तर पाण्याने भिजवून, अख्खाच्या अख्खा उतरवावा आणि नाका-तोंडाला चांगला मास्क बांधावा. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

*आजार कसा ओळखावा?* ओळखणे डॉक्टरचे काम, पण उशीर न करणे आपले. धाप वाढत जाणे, छातीत दुखणे, छातीत पाणी होणे, वजन उतरणे ही लक्षणे क्षयातही असतात. क्षयाचे औषध नीट घेऊनही उतार पडला नाही तर मोठ्या दवाखान्यात दाखवावे. बायकांच्या बाबतीत पोट फुगलेले राहणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे असे काही आठवड्यांहून जास्त चालले तर लाजेने अंगावर काढू नये.

*अमेरिकेच्या दाव्यात आमचेही नाव घालता येईल का?* असे सांगत कोणी दारी आला आणि नोंदणीचे पैसे मागू लागला, तर त्याला चहा द्यावा आणि वाटेला लावावे. तिकडच्याच बाईचा दावा दुसऱ्या राज्यात टिकला नाही, हे वर सांगितलेच आहे. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा तर कोणालाच देऊ नये.

*वकिलाला पैसे कोठून आणू?* स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तेथे साधा अर्ज द्यावा. विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आणि ग्राहकांच्या तक्रारीसाठी १९१५. दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेवटी एकच सांगायचे. भरपाईने गेलेला माणूस परत येत नाही आणि दाव्याच्या आशेवर औषधपाणी थांबवणे तर शुद्ध वेडेपणा. आधी उपचार, मग कागद, मग दावा, हा क्रम सोडू नका. पण टेक्सासच्या त्या बाईलाही विसरू नका. तिचे म्हणणे ऐकून घ्यायला कोर्ट होते, तिच्या बाजूने बोलायला वकील होता, पण पुरावा दुसऱ्याच्या कपाटात बंद होता. आपल्या घरातला पुरावा तरी आपल्याच पेटीत असू द्या. मग पायरी चढण्याची वेळ न आली तर उत्तमच, आणि आलीच तर रिकाम्या हाताने चढावे लागणार नाही.